भात किती वाजता झाकला?

परवा एका बारशाचं आवरून आम्ही चौघी सभागृहाच्या ओट्याशी चहा पीत बसलो होतो. एक किस्सा निघाला, त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, आणि चहा गार होऊन गेला. सहा वर्षांत आमच्या कॉलनीच्या सभागृहात इतकी लग्नं, साखरपुडे आणि निवृत्तीचे सत्कार झाले की निम्म्या यजमानांची नावं आता आठवत नाहीत. पण कोणाच्या कार्यात काय उरलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं ते विचारा, चौघी एकदम सांगू.

चौघी म्हणजे कोण, ते आधी सांगते. साळवे सिस्टर आमच्या कप्तान. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे त्यांचं पहिलं नाव कॉलनीत कोणालाच माहीत नाही. नसीमआपा मागच्या गल्लीत राहतात, ब्लाउज शिवतात. हिरावहिनी मूळ सटाण्याकडच्या, शेतकऱ्याघरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिकला आल्या. आणि मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून सगळ्यांची मॅडम. कार्यात उरलेलं अन्न नीट साठवायचं आणि ज्यांना हवं त्यांच्याकडे वेळेत पोचवायचं, एवढंच आमचं काम. पण ते सुरू झालं माझ्या चुकीमुळे. ती आधी सांगायला हवी.

माझ्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारी एकला जेवणं सुरू झाली. माणसं अंदाजापेक्षा कमी आली आणि मोठं पातेलंभर भात उरला. मी तो तसाच गरम, घट्ट झाकण लावून मागच्या खोलीत ठेवला. एप्रिल महिना, खोलीला खिडकी नाही. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आठवण झाली. वास घेतला, चांगला वाटला. आमच्या वॉचमनच्या बायकोला, सुरेखाला, हाक मारून मोठ्या प्रेमाने डबा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पाच वर्षांची मुलगी उलट्या करून अंथरुणाला खिळली होती. साळवे सिस्टरांना कळलं तशा त्या चप्पल न घालता धावल्या आणि मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. दोन दिवस सलाइन लावावं लागलं. मी तिथे बाकावर बसून होते. सुरेखा मलाच समजावत होती, की मॅडम, तुम्ही काही मुद्दाम दिलं नव्हतं. ते ऐकणं फार अवघड गेलं.

सिस्टरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त विचारलं, "भात किती वाजता झाकला होता?"

मी घड्याळ पाहिलंच नव्हतं.

मुलगी तिसऱ्या दिवशी घरी आली आणि आठवडाभरात अंगणात खेळायला लागली. पुढच्या रविवारी मी सिस्टरांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, मला हे शिकवा. शाळेत मुलांना शिकवते तसं, पहिल्यापासून शिकवा.

*

सिस्टरांचे नियम सोपे होते. शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, उन्हाळ्यात तर एकच तास. गरम ठेवायचं तर वाफाळतं गरम, थंड ठेवायचं तर फ्रिजमधलं थंड, मधलं कोमट काही चालायचं नाही. ताटातलं उष्टं आणि पातेल्यातलं उरलेलं एकमेकांच्या जवळही येऊ द्यायचं नाही. आणि मोठ्या पातेल्यातलं अन्न आधी पसरट परातींमध्ये काढायचं, थंड झालं की लगेच फ्रिजमध्ये.

हा शेवटचा नियम आचारी कचरूभाऊंना अजिबात पटेना. कचरूभाऊ सिन्नरचे. आमच्याकडच्या बहुतेक कार्यांना तेच असतात. हाताला चव अशी की लोक वरणाच्या वाट्या पितात. पण भात परातीत पसरायचा म्हटलं की त्यांना तो अपमान वाटे. पातेल्यात भात कसा मऊ राहतो, पसरला की वाळतो, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरांनी जंतू समजावले, तापमान समजावलं, भातातलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही हे समजावलं. कचरूभाऊ मान हलवत आणि झाकण लावून टाकत.

एका लग्नात हे असंच चाललं होतं. हिरावहिनी कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होत्या. त्या सहसा मधे बोलत नाहीत. त्या दिवशी उठल्या, त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि कचरूभाऊंचा हात धरून भाताच्या मध्यावर, वाफेवर धरला. मग आपल्या अहिराणीत विचारलं, "भाऊ, कांदा काढावर ढीग मारतस का?"

कचरूभाऊ स्वतः शेतकरी. म्हणाले, "छ्या. पसरून ठेवायचा. ढिगात आतला कांदा तापतो, सडतो."

"मंग हाऊ भी ढीगच शे," हिरावहिनी भाताकडे बोट दाखवत म्हणाल्या, आणि परत कोथिंबिरीकडे गेल्या.

कचरूभाऊंनी पातेल्याकडे पाहिलं. मग परात ओढली. तेव्हापासून आजपर्यंत त्यांना भात पसरा म्हणून सांगावं लागलेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, माझं चौतीस वर्षांचं नर्सिंग एका कांद्यापुढे कमी पडलं.

*

कॉलनीच्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. भर मे महिना. जेवणात दहीवडे ठेवले होते आणि पाहुण्यांचं भाषण संपेल या अंदाजाने आम्ही ते फ्रिजमधून काढून टेबलावर मांडले. भाषण संपेना. पाहुणे विद्वान होते, विषय जिव्हाळ्याचा होता, आणि दहीवडे चाळीस अंशांत उभे होते.

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्या वहीचं पान फाडून त्यावर दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि ती चिठ्ठी स्टेजवरच्या सूत्रसंचालकाकडे पाठवली. त्याला वाटलं, एखाद्या देणगीदाराचं नाव राहिलं असेल. भाषणात पाहुणे पाणी प्यायला थांबले तेवढ्यात त्याने माइक ओढला आणि गंभीर आवाजात वाचलं, "एक महत्त्वाची सूचना. दहीवड्यांना पन्नास मिनिटं झाली. अजून दहा मिनिटं आहेत. साळवे सिस्टर."

सभागृहात कोणीच हसलं नाही, कारण काय झालंय ते कोणालाच कळेना. पाहुण्यांना मात्र कळलं. त्यांनी चष्मा काढला, म्हणाले की बाईंचा मुद्दा माझ्यापेक्षा तातडीचा आहे, आणि तिथेच बसले. दहीवडे आठव्या मिनिटाला ताटांत होते.

वर्षभराने तेच पाहुणे एका लग्नाला आले. आशीर्वादाचे चार शब्द बोलायला उभे राहिले आणि आधी मागे वळून विचारलं, "सिस्टर, टेबलावर काय काय आहे?"

*

आमचा फ्रिज जुना. बंद पडलेल्या एका हॉटेलातून आलेला, उंच, दोन दारांचा, आणि स्वभावाने लहरी. एका सत्काराच्या दिवशी दुपारी दीडला तो घरघरला आणि गप्प झाला. आत भरलेले साठ डबे होते. संध्याकाळी ते एका बांधकामावरच्या मजुरांच्या कुटुंबांना द्यायचे ठरले होते. त्या बायकांना आम्ही डबे भरतानाच कळवलं होतं, की आज चूल पेटवू नका.

सिस्टर डब्यांकडे बघत राहिल्या. टाकायचे म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती. नसीमआपांनी ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "एका फ्रिजचं काय घेऊन बसलात. नाशिकमध्ये काय एकच फ्रिज आहे?"

त्या निघाल्या. आमची गल्ली, मग त्यांची गल्ली. दार वाजवायचं, सलाम, नमस्कार, जयभीम, ज्या घराला जे लागेल ते म्हणायचं, आणि थेट विचारायचं की फ्रिजमध्ये सहा डब्यांची जागा होईल का, पाचपर्यंत. अकरा घरांनी दारं उघडली. एका घरात त्यांनी स्वतः उभं राहून पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या. तीन वाजायच्या आत साठही डबे थंड जागी पोचले. कागदावर काहीही लिहिलेलं नसताना नसीमआपांनी पाच वाजता प्रत्येक घरातून मोजून डबे परत आणले. त्या गिऱ्हाइकांची मापंही डोक्यातच ठेवतात.

मजुरांच्या बायकांना यातलं काहीच कळलं नाही. जेवण वेळेवर आलं, एवढंच त्यांना माहीत.

जागा करायची म्हणून बऱ्याच घरांत त्या दुपारी आइस्क्रीमचे डबे बाहेर निघाले होते आणि पोरांनी ते संपवून टाकले होते. अजूनही दोन्ही गल्ल्यांतली मुलं मला रस्त्यात गाठून विचारतात, "मॅडम, सभागृहाचा फ्रिज परत कधी बिघडणार?"

*

सगळेच किस्से असे गोड नाहीत. जाधवसाहेबांचा सांगते.

जाधवसाहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणात बासुंदी ठेवली होती. दूध त्यांनी स्वतः पहाटे उभं राहून आटवून घेतलं होतं, जुन्या आठवणीतली चव हवी म्हणून. जेवणं झाली, अर्धं पातेलं उरलं. ते बर्फात ठेवून गार केलं आणि फ्रिजमध्ये लावलं, दुसऱ्या दिवशी घरच्यांसाठी. आणि त्याच दुपारी आमच्या भागाची वीज गेली ती दुसऱ्या सकाळपर्यंत आली नाही.

सकाळी सिस्टरांनी फ्रिज उघडून तापमान पाहिलं आणि पातेलं बाहेर काढलं. जाधवसाहेब नातेवाइकांना घेऊन आले होते. त्यांनी चमचाभर चाखून पाहिली आणि सांगितलं, की काही झालेलं नाही, चव उत्तम आहे.

सिस्टर म्हणाल्या, "चवीला कळत असतं तर माझ्या वॉर्डात अर्धे पेशंट आले नसते."

आणि जाधवसाहेबांच्या देखत त्यांनी बासुंदी मोरीत ओतली. मी बाजूला उभी होते. ओतताना सिस्टरांनी मान दुसरीकडे वळवली होती. लहानपणी ज्यांच्या घरी दूध फक्त चहापुरतं यायचं, त्या बाईला हे सोपं जाणार नव्हतं. पण जाधवसाहेबांना ती वळवलेली मान दिसली नाही. त्यांना ओतलेली बासुंदी दिसली, आणि पाहुण्यांपुढे झालेली फजिती.

त्यांनी सिस्टरांशी बोलणं सोडलं. समोरून आल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. आठ महिने हे चाललं. सिस्टर रोज नमस्कार करायच्या, रोज उत्तर यायचं नाही.

मग जाधवसाहेबांना नात झाली. बारशाच्या आधी एक दिवस ते सिस्टरांच्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले की लेकरं-बाळं येणार आहेत, स्वयंपाकघर तुम्हीच बघा.

सिस्टरांनी विचारलं, "आणि काही टाकावं लागलं तर?"

"तर टाका," जाधवसाहेब म्हणाले. "मी तेवढा वेळ बाहेर थांबतो."

*

कचरूभाऊंच्या मुलीचं लग्न सिन्नरला होतं. आम्हा चौघींना आमंत्रण द्यायला ते स्वतः आले आणि अट घातली, की पाहुण्या म्हणून यायचं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो. रेशमी साड्या, गजरे, सगळं साग्रसंगीत.

पहिली पंगत उठली तशा सिस्टर अस्वस्थ झाल्या. मांडवाच्या मागच्या बाजूला नजर जायला लागली. नसीमआपांनी त्यांचा पदर धरून ठेवला होता. तेवढ्यात कचरूभाऊ हात पुसत आले आणि म्हणाले, "सिस्टर, जरा आत या."

आत पाहिलं तर एका रांगेत आठ पराती, त्यांत पातळ पसरलेला भात, वर धुतलेलं स्वच्छ कापड. बाजूला बर्फाच्या टबात भाजीची पातेली, एक बाई ती सारखी ढवळत होती. डब्यांवर पट्ट्या, पट्ट्यांवर वेळ. तालुक्यातले दहा-बारा आचारी आपल्या माणसाच्या घरचं कार्य म्हणून मदतीला आले होते, ते हात बांधून उभे होते. कचरूभाऊंच्या शर्टाच्या खिशात, पूर्वी जिथे तंबाखूची पुडी असायची तिथे, थर्मामीटर होता.

ते त्या आचाऱ्यांना म्हणाले, "मी तुम्हाला शिकवलं, पन मला कोनी शिकवलं ते इचारत व्हते ना? या चौघी हायेत."

सिस्टरांनी प्रत्येक परातीवरचं कापड उचलून पाहिलं. प्रत्येक पट्टी वाचली. बोटाने पातेल्याची कड चाचपली. बाहेर आल्या त्या एकदम गप्प. हिरावहिनींनी काळजीने विचारलं, की काय झालं.

नसीमआपा म्हणाल्या, "काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा चूक सापडली नाही, त्याचा धक्का बसलाय."

*

आता आप्पांचं सांगते आणि थांबते.

आप्पा खरात आमच्या कॉलनीच्या टोकाच्या घरात एकटे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. कारखान्यात फिटर होते. बायको गेली, मुलगा पुण्याला. गुडघ्यांमुळे सभागृहापर्यंत येणं होत नाही. स्वतः खिचडी शिजवतात, तीच दोन वेळा. म्हणून प्रत्येक कार्यानंतर सिस्टर पहिला डबा त्यांच्याकडे घेऊन जायच्या.

आप्पा दारात यायचे, विचारायचे, "उरलेलं का?"

सिस्टर सांगायच्या, की हो, पण एकदम ताजं आहे, तासाभरात भरलंय.

"मग नको," आप्पा म्हणायचे. आत बोलवायचे, पाणी द्यायचे, तब्येत विचारायचे. डबा मात्र परत.

चार वर्षं असं चाललं. सिस्टरांना वाटे, यांना आपल्या साठवणीची खात्री नाही. एकदा त्या थर्मामीटर घेऊन गेल्या आणि त्यांच्यापुढे वरणाचं तापमान मोजून दाखवलं. तेव्हा आप्पांनी त्यांना बसायला सांगितलं. म्हणाले, की तुमच्या मापावर माझा विश्वास आहे. पण मी लहान असताना गावात लग्न असलं की माझी आई टोपली घेऊन मांडवाबाहेर बसायची. सगळं गाव जेवून उठेपर्यंत बसायची. मग जे उरेल ते वरून टोपलीत पडायचं. भाकरी, कढी, बुंदी, सगळं एकत्र. घरी आणून ती ते निवडायची आणि आम्हाला द्यायची. आम्ही आनंदाने खायचो. नोकरीची चिठ्ठी आली त्या दिवशी मी आईला सांगितलं, आता आपल्या घरात उरलेलं येणार नाही. ते अजून पाळतोय.

सिस्टरांनी हे आम्हाला येऊन सांगितलं.

पुढचं कार्य बुद्धपौर्णिमेचं होतं. सकाळी वंदना झाली, लोक हात धुवायला गेले. पंगत बसायला दहा मिनिटं होती. सिस्टर स्वयंपाकघरात आल्या आणि कचरूभाऊंना म्हणाल्या, की आधी डबे भरायचे. सगळे. पंगत नंतर.

कचरूभाऊ गोंधळले. म्हणाले, की अजून कोणाच्या ताटात काही पडलं नाही, लोक काय म्हणतील.

"लोकांना मी सांगते," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी माइकवर जाऊन सांगितलं, की जेवण पंधरा मिनिटं उशिरा होईल. कारण दिलं नाही. आम्ही पातेल्यांवरची पहिली वाफ निघाली तशी डबे भरले. वरण, भात, भाजी, खीर. पहिला डबा घेऊन सिस्टर भर उन्हात टोकाच्या घराकडे चालत गेल्या. मी सोबत होते.

आप्पा दारात आले. "उरलेलं का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "अजून कोणी जेवलेलं नाही."

आप्पांनी त्यांच्या खांद्यावरून सभागृहाकडे पाहिलं. तिथल्या उघड्या दारांतून रिकामी ताटं मांडली जाताना दिसत होती. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी डबा घेतला आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भांडी घासून लावत होतो. कचरूभाऊ आपल्या पराती न्यायला सिन्नरहून आले होते; आप्पांच्या आईची गोष्ट आम्ही त्यांना आदल्या दिवशीच सांगितली होती. बाहेर काठीचा आवाज आला. आप्पा. धुवून पुसून लख्ख केलेला डबा हातात. टोकाच्या घरापासून सभागृहापर्यंत ते किती वर्षांनी चालत आले होते, कोण जाणे. आम्ही सगळ्या हातातलं काम सोडून उभ्या राहिलो.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, दम घेतला आणि म्हणाले, "वरणात मीठ कमी होतं."

तेच वरण आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं. मीठ अगदी बरोबर होतं. आणि कचरूभाऊंच्या वरणाला नाव ठेवायची हिंमत आजवर कोणी केलेली नव्हती. टोपलीत पडलेल्या अन्नाला तर नाव ठेवायची सोयच नसते.

कचरूभाऊंनी हातातली परात खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "व्हय आप्पा. कमीच पडलं."